आधी एक्स-रे काढून या

जपानात, सेंदाईत मोघेकाकांच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेलेल्या माणसाला ते हाकलून देत. अगदी रीतसर, कमरेत वाकून, चहा पाजून, पण हाकलूनच देत. "आधी एक्स-रे काढून या," असं म्हणून हातात एक चिठ्ठी ठेवत आणि जाणाऱ्याचे बूट दाराकडे तोंड करून लावत.

मलाही हाकललं. नवऱ्याच्या विद्यापीठातल्या नोकरीमागून मी पुण्याहून इकडे आले आणि पहिल्याच हिवाळ्यात, दारासमोरचा बर्फ ओढताना पाठीत अशी उसण भरली की सरळ होता येईना. कुणीतरी म्हणालं, अगं, आपलाच एक मराठी माणूस आहे इथे, कायरोप्रॅक्टर आहे. म्हणजे मणके हाताने जागेवर बसवणारा. बसने कशीबशी गेले. चहा प्याले. चिठ्ठी घेतली आणि मग माझं डोकं फिरलं.

"काका, मला उभं राहता येत नाहीये आणि तुम्ही मला हॉस्पिटलच्या रांगेत पाठवताय?"

"सकाळी आठला गेलीस तर रांग छोटी असते."

"मग तुम्ही काय करता?"

"मी नंतर करतो."

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, माणूस एक नंबरचा विक्षिप्त आहे, पुन्हा पाऊल टाकणार नाही. चार दिवसांनी एक्स-रे घेऊन मुकाट्याने गेले. काकांनी तो खिडकीशी धरून इतका वेळ पाहिला की मला वाटलं झोपले की काय. मग गरम पाण्यात हात बुडवून ऊबदार केले आणि दहा मिनिटांत मला सरळ उभं केलं. हात मात्र खरंच चांगला होता त्यांचा.

मूळचे मिरजेचे. तरुणपणी कोबेला एका व्यापारी कंपनीत आले, तिथे स्वतःची पाठ धरली, ज्या माणसाने ती सोडवली त्याच्याच हाताखाली ही विद्या शिकले. लग्न सेंदाईच्या हिसाकोशी केलं आणि तिच्या गावी येऊन राहिले. मी आले तेव्हा हिसाकोबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दवाखान्याच्या वरच्याच दोन खोल्यांत एकटे राहत.

चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. पाठी राहत. भुयारी रेल्वेत मागून येऊन म्हणत, "माधवी, डावा खांदा पडलाय. पिशवी हात बदलून घे." नमस्कार-चमत्कार काही नाही. कोटाच्या खिशात गवंड्याचा असतो तसला पितळी ओळंबा. आमच्या पाचसहा मराठी कुटुंबांच्या दिवाळीला हा माणूस फराळाची ताटली हातात घेऊन प्रत्येकाच्या मागे ओळंबा सोडत फिरायचा. नव्याने आलेल्या एका बिचारीने पैठणी नेसून मिरवायला सुरुवात केली, तर तिला म्हणाले, "साडी बरी आहे, पण तू तिच्यात तिरकी उभी आहेस." ती पुढच्या वर्षी दिवाळीला आलीच नाही.

फर्निचरच्या दुकानात तर त्यांना बघून विक्रेते आत जात. दर खुर्चीवर बसून ते तिचे दोष कागदावर लिहून मॅनेजरला देत, शिवाय वाकून आभारही मानत.

दोनेक वर्षांनी मला विद्यापीठाच्याच हॉस्पिटलात, हाडांच्या विभागात अर्धवेळ काम मिळालं. वाप्रोवर, म्हणजे लिहायच्या यंत्रावर, इंग्रजी कागद टाइप करायचे. तिथे गेल्यावर कळलं की काकांच्या चिठ्ठ्या हा विभागातला जुना विनोद आहे. "मोघे-सानचं टपाल आलं," असं म्हणून तरुण डॉक्टर हसत. जपानमध्ये या विद्येला ना सरकारी परवाना, ना बंदी. असल्या माणसाने डॉक्टरांना चिठ्ठ्या पाठवाव्यात हेच त्यांना हसू येण्यासारखं. विभागाचे प्रमुख ओनोदेरा-सेन्सेई मात्र हसत नसत. ते चिठ्ठ्या वाचत आणि फायलीत लावून ठेवत.

त्याच सुमारास सरकारने जाहीर केलं की पाठदुखीवर डॉक्टर आणि कायरोप्रॅक्टर मिळून संशोधन करणार असतील तर अनुदान मिळेल. ओनोदेरा-सेन्सेईंनी फाइल काढली आणि काकांना बोलावणं धाडलं.

काका सूट घालून आले. अट एकच घातली. उपचार सुरू व्हायच्या आधी प्रत्येक रुग्णाला दोघांनी, एकाच खोलीत, एकाच वेळी तपासायचं. डॉक्टर एका बाजूला, कायरोप्रॅक्टर दुसऱ्या बाजूला. बाकी संशोधन कसं करायचं ते करा.

डॉक्टर मंडळींना हे काही रुचेना. अंगठेबहाद्दर शेजारी उभा करून रुग्ण तपासायचा म्हणजे काय, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण सगळ्यांचे चेहरे तेच म्हणत होते. आता इथली पद्धत अशी, की बैठकीत काही ठरत नाही. ते आधीच, एकेकाला गाठून, चहा पीत पीत ठरवायचं आणि बैठकीत फक्त माना हलवायच्या. तीस वर्षं जपानात काढलेल्या काकांना हे चांगलं माहीत होतं. ते एकेका डॉक्टरला भेटायला गेले, प्रत्येकाकडे एकेक उशी घेऊन. स्वतः शिवलेली, त्या त्या माणसाच्या पाठीच्या मापाची.

"मापं कधी घेतलीत?" मी विचारलं.

"बैठकीत. मी मागच्या खुर्चीवर का बसतो असं वाटलं तुला? तो चष्मेवाला उजवा कुल्ला उचलून बसतो. त्याची उशी एका बाजूला जाड केलीय."

मला हसू आवरेना. पण पुढच्या बैठकीला सातही डॉक्टर उश्या टेकून बसले होते आणि सातही माना हलल्या.

आता अर्ज उरला होता. त्यात एक रकाना होता: ही पद्धत का हवी, ते अनुभवाच्या आधारे लिहा. ओनोदेरा-सेन्सेई म्हणाले, चार सर्वसाधारण वाक्यं टाकू. काका म्हणाले, मी लिहून देतो. दोन दिवसांनी त्यांनी मला एक पान आणून दिलं. इतकी वर्षं चिठ्ठ्या झकास जपानीत लिहिणाऱ्या माणसाने हे मराठीत लिहिलं होतं.

"तू कर भाषांतर," म्हणाले. "मला जमेना."

मी वाचायला घेतलं. 'रुग्ण स्त्री, वय एकावन्न. पाठीच्या मध्यभागी दुखणं. उपचार चार महिने, रोज. उपचार करणारा मी. एक्स-रे काढला नाही, कारण उपचार करणाऱ्याला आपल्या हातावर विश्वास होता. रुग्ण रोज सकाळी म्हणत असे, आज जरा बरं आहे. उपचार करणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणत असावी. पाचव्या महिन्यात हॉस्पिटलात नेलं. मणक्यात कॅन्सर पसरला होता. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस कुठे होता. रुग्ण म्हणाली, मीच टाळाटाळ केली.'

नाव कुठेच नव्हतं. पण हे हिसाकोबाईंबद्दल आहे ते पहिल्या ओळीतच कळलं होतं मला. मी ऑफिसातच रडले. तीन वर्षं या माणसाच्या चिठ्ठ्यांवरून मी घरोघरी नकला करत होते, त्याची इतकी लाज वाटली की पान हातात धरवेना.

माझं मोडकंतोडकं जपानी भाषांतर वाचून ओनोदेरा-सेन्सेईंनी काकांना आत बोलावलं. मी तिथेच होते. ते हळू आवाजात म्हणाले, "मोघे-सान, हे पान लावलं तर तुमची अट कुणीही नाकारू शकणार नाही. पण अनुदानाची समिती अर्जात तुमचं नाव राहू देणार नाही. परवाना नसलेला माणूस, त्यात असं प्रकरण. पान काढलं तर नाव राहील, अट कदाचित जाईल. तुम्ही ठरवा."

बाहेर आल्यावर मी काकांच्या मागेच लागले. "काका, काढा ते पान. तुमच्याइतकं या कामासाठी कुणी झिजलंय? तुम्हीच नसलात तर काय अर्थ आहे? आणि कुणाला कळणार आहे?"

"कळू नये म्हणूनच तर ती बोलली नाही, माधवी. म्हणूनच चार महिने गेले."

"ती तुमच्यावर रागावली नव्हती काका."

"तेच तर," ते म्हणाले. "रागावली असती तर बरं झालं असतं." आणि बसच्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी पुढच्या माणसाची पाठसुद्धा पाहिली नाही.

पान लागलं. वसंतात अनुदान मंजूर झालं, अट जशीच्या तशी मान्य झाली आणि मोघे हे नाव खोडून तिथे टोकियोच्या एका तरुण कायरोप्रॅक्टरचं नाव आलं. मी फोन करून सांगितलं. वाटलं, गप्प होतील. पण त्यांनी एवढंच विचारलं, "एकाच खोलीत ना?" मी हो म्हणाले. "मग झालं," म्हणाले आणि फोन ठेवला.

पहिल्या दिवसाची तयारी जोरदार होती. खोलीत नवं टेबल, त्याच्या दोन बाजूंना दोघांच्या जागा, कोपऱ्यात नोंदी करायला मी. सगळं होतं, फक्त रुग्ण नव्हता. दोन रुग्णांनी नावं दिली होती, दोघांनीही आदल्या दिवशी फोन करून माफी मागितली. डॉक्टर आणि मणकेवाला दोघं एकदम आपल्याकडे बघणार याचीच लोकांना भीती वाटली असणार. ओनोदेरा-सेन्सेई घड्याळ बघत बसले होते. टोकियोचा तरुण उगाच हात चोळत होता.

साडेनऊला दारावर टकटक झाली. मोघेकाका होते. हातात रुग्णाने भरायचा फॉर्म, आणि वर स्वतःचा ताजा एक्स-रे.

"मोघे-सान, तुम्हाला यात घेता येणार नाही," ओनोदेरा-सेन्सेई ओशाळून म्हणाले.

"संशोधक म्हणून नाही घेता येणार. नाव काढलंय ना माझं? मग मी आता रुग्ण व्हायला मोकळा." आणि त्यांनी कोट काढून त्याची नीट घडी केली.

मला वाटलं, काकांची नेहमीची तऱ्हा. कार्यक्रम फसू नये म्हणून आले असतील. मी फॉर्ममधल्या ओळी वाचून नोंदी करायला लागले. दुखणं कुठे? पाठीच्या मध्यभागी. किती दिवसांपासून? सहा वर्षं. आधी कोणते उपचार? काही नाही. घरी काळजी घेणारं कुणी? इथे त्यांनी आडवी रेघ मारली होती. सहा वर्षं या माणसाने सगळ्या सेंदाईच्या पाठींवर हात ठेवला होता, आणि त्याच्या पाठीवर कुणाचाच हात पडला नव्हता. आम्ही इतकी मराठी माणसं होतो, एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं, मलाही नाही.

ते टेबलावर पालथे झोपले. एका बाजूने ओनोदेरा-सेन्सेईंनी हात ठेवला, दुसऱ्या बाजूने त्या तरुणाने. मणका मणका करत दोघं खाली सरकत होते, मध्येच एकमेकांशी हळू बोलत होते. मध्यावर आल्यावर ओनोदेरा-सेन्सेईंनी जपानीत विचारलं, "इथे दुखतंय का?"

काकांनी तोंड उशीत खुपसलं. मग तोंड उशीत तसंच ठेवून मराठीत म्हणाले, "माधवी, खूप दुखतंय गं. सांग त्यांना."

मी जपानीत सांगितलं. दोघांनीही हात तिथेच ठेवले, आणि मी फॉर्मवर तसंच लिहिलं.