साहेब जवळ आले की

उदय पिंपळकरचं ब्लडप्रेशर तुम्ही वाढवलंत, साहेब. उगाच त्याच्या लोणच्यावर ढकलू नका. तुमची खुर्ची मोठी, म्हणून तोंडावर कोणी बोललं नाही. पण अख्ख्या सोनागिरी वसाहतीला ठाऊक आहे.

उदय तुमच्याच कारखान्यात फिटर. त्याची लेक क्षितिजा जन्मली तेव्हा बायको वंदनाची तब्येत पार हाताबाहेर गेली होती. कुणा अनोळखी माणसाच्या रक्तानं ती वाचली. तेव्हापासून लेकीच्या वाढदिवसाला उदय आधी रक्त देऊन येतो, मगच घरात केक कापला जातो. एकही वर्ष चुकलेलं नाही. हातावर कापूस चिकटवून तो असा चालत येतो, की बघणाऱ्याला वाटावं याला सरकारनं पदक दिलंय.

यंदा त्यानं अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. साहेबांनी साफ नाकारली.

"त्या दिवशी आपलंच शिबिर आहे. रक्त द्यायचंय ना? मग माझ्यासमोर द्या. तुमच्या खात्यातला एकही माणूस रक्त न देता परत गेलेला मला चालणार नाही."

वाढदिवसाच्या सकाळी वंदनानं बशी भरून पोहे खाऊ घातले. क्षितिजा दारातून ओरडली, "पप्पा, जल्दी या हं! तुमच्याशिवाय केक नाही कापणार!"

मैदानातल्या तंबूत डॉक्टर सुधाताईंनी उदयच्या दंडाला पट्टा बांधला. शेजारी साहेब, हात पाठीमागे बांधून. पट्टा फुगला, सैल झाला.

"एकशे बासष्ट," सुधाताई म्हणाल्या. "असं नाही घेता येणार रक्त. सुईची भीती वाटते का?"

"मला?" उदयला राग आला. "मॅडम, सुई आत जाताना मी टक लावून बघतो!"

"मग टेन्शन कसलं घेताय?" साहेब कडाडले. "एवढं साधं काम जमत नाही? शांत व्हा! ताबडतोब!"

उदय ताबडतोब शांत व्हायला लागला. पुन्हा मोजलं, तर आकडा आणखी चढलेला.

मागच्या रांगेतून शांताराम वेल्डर म्हणाला, "क्यों खां उदय, मीटर खराब आहे का यार तुझं?"

साहेबांनी खुर्ची मागवली, लिंबूपाणी मागवलं आणि स्वतः उदयच्या डोक्याशी उभे राहिले. "श्वास घ्या. खोल! याला खोल म्हणतात? मी सांगतो तसा घ्या!" उदयच्या तळहातांना घाम सुटला. छातीत फोर्जिंग खात्यातला घण पडत होता. डोळ्यांपुढे केकजवळ बसलेली क्षितिजा. रिकाम्या हातानं जाऊन तिला सांगायचं काय?

तेवढ्यात साहेबांना कोणीतरी हाक मारली. ते बाहेर गेले. सुधाताईंनी सहज पुन्हा मोजलं. एकशे सव्वीस.

"अरे वा! झोपा टेबलावर."

"झालं का?" साहेब आत आले. सुधाताईंनी खात्रीसाठी मोजलं. एकशे साठ.

त्यांनी मशीनकडे पाहिलं. मग साहेबांकडे.

"सर, दोन मिनिटं बाहेर थांबता?"

साहेब बाहेर. एकशे चोवीस.

"या आत."

एकशे अठ्ठावन्न.

"पुन्हा बाहेर, सर."

आता अख्खा तंबू मान उंचावून बघत होता. "मॅडम, एक बार और!" शांतारामनं फर्माईश केली.

"हा काय तमाशा आहे?" साहेब लाल झाले.

"तमाशा नाही, शरीर आहे," सुधाताई म्हणाल्या. "मंडीदीपच्या रस्त्यावर वाघ आडवा आला तर काळीज धडधडेल, हात घामेजतील, प्रेशर चढेल. पळायची तयारी ती. वाघ गेला की सगळं खाली येतं. औषध लागत नाही."

"मूर्खपणा! माझं मोजा. बघा माणूस कसा शांत असतो!"

साहेब ऐटीत बसले. पट्टा फुगत होता तोच त्यांचा फोन वाजला. पडद्यावर दिल्लीच्या चेअरमनचं नाव. साहेब बसल्या जागी ताठ झाले. एकशे अठ्ठ्याहत्तर.

"तुमचा वाघ दिल्लीत राहतो वाटतं," सुधाताई म्हणाल्या.

साहेब उठले आणि मैदानाच्या टोकाला, कडुनिंबाखाली जाऊन बसले. उदयनं रक्त दिलं. सकाळपासून साहेबांसमोर प्रेशर चढलं म्हणून परत पाठवलेले सगळे शांतारामनं बोलावून आणले. एकेकाचं प्रेशर सुतासारखं सरळ. संध्याकाळी कापसाचा हात उंच धरून उदय गल्लीत शिरला, तेव्हा क्षितिजानं घराबाहेरच टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर भलामोठा बोर्ड लागला, वर साहेबांचा हसरा फोटो: 'साहेबांच्या प्रेरणादायी उपस्थितीत विक्रमी रक्तदान.'

उदयनं तो दोनदा वाचला आणि सरळ केबिनचं दार ढकललं. हात कोरडे. छाती गप्प.

"साहेब, उपस्थितीत म्हणजे कुठं? आम्ही तंबूत होतो. तुम्ही कुठं होता?"

सांगा ना साहेब. तो दारातच उभा आहे, आणि आज त्याला कुठलीच घाई नाही. तुम्ही कुठं होता?