बिनतुपाच्या अळ्या

"आज यांच्या डोक्यात उत्क्रांती शिरली नाही, तर मी शिकवणं सोडून देईन!" शनिवारी सकाळी कणीक तिंबता तिंबता चित्रानं जाहीर केलं.

नागपूरच्या कॉलेजात तिनं नऊ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं होतं. नवऱ्याला, उपेंद्रला, आयर्लंडमध्ये लिक्सलिपला चिपच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ती डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनला आली, नोकरीची परवानगी नसलेल्या व्हिसावर. दोन वर्षं घरी बसल्यावर कम्युनिटी सेंटरमधला हा बिनपगारी वर्ग मिळाला. विद्यार्थी सहा, सगळ्यांचा विज्ञानाशी छत्तीसचा आकडा! निवृत्त पोस्टमन डेक्लनच्या मते जिराफानं मान ताणताणून लांब केली होती. आणि जन्मभर लोकांचे केस कापलेली नोरीन दर वेळी विचारायची, "म्हणजे जे मेले ते नालायकच होते ना?" हे ती फार शांतपणे विचारायची.

म्हणून आज प्रयोग. पालकाच्या रसात मळलेल्या कणकेच्या पन्नास हिरव्या अळ्या, बिटाच्या रसातल्या पन्नास लाल. हिरवळीवर विखुरायच्या, विद्यार्थ्यांनी पक्षी होऊन टिपायच्या. लाल पटापट सापडणार, हिरव्या वाचणार! कणीक हाताला चिकटू नये म्हणून तिनं सढळ तूप घातलं. ते संपल्यावर दोन्ही रंगांची उरलेली कणीक उपेंद्रनं तुपाशिवायच मळली.

"अळ्याच आहेत गं, कोण खाणार आहे?"

सेंटरमागच्या हिरवळीवर अळ्या विखुरून चित्रानं शिट्टी फुंकली, आणि कुंपणाच्या फटीतून एक दांडगा लॅब्राडोर आत घुसला!

"हा आपल्या वर्गातला नाही!" डेक्लन ओरडत धावला आणि ओल्या गवतावर सपशेल आडवा झाला. त्याला उचलायला गेलेले दोघंही आडवे! कुत्रा व्हॅक्यूम क्लीनरसारखा हिरवळ साफ करत सुटला.

"बस!" नोरीननं दरडावलं. कुत्रा सोडून बाकी सगळे बसले.

तो आला तसा पसार झाला. मागे उरल्या अकरा अळ्या. सहा लाल, पाच हिरव्या.

"रंगाचा काही संबंधच नाही की!" डेक्लन म्हणाला. चित्राला रडू फुटायचं बाकी होतं.

नोरीननं एक अळी उचलून हुंगली. मग कुत्र्याच्या तोंडून पडलेला एक तुकडा हुंगला. "उरलेल्यांना तो तुपाचा वास नाही."

उपेंद्रच्या बिनतुपाच्या अळ्या!

"म्हणजे या शहाण्या होत्या म्हणून वाचल्या नाहीत," नोरीन म्हणाली. "आणि गेलेल्या वाईट नव्हत्या."

"नव्हत्याच. कुत्र्याऐवजी पक्षी आले असते तर वेगळ्याच उरल्या असत्या. लायक म्हणजे चांगला नव्हे, नोरीन. त्या वेळी, त्या जागी निभावलेला, इतकंच. त्याची पिल्लं त्याच्यासारखी निपजतात, आणि हळूहळू सगळी जातच बदलते."

नोरीन तळहातावरच्या अळीकडे पाहत राहिली. "आम्ही जुळी. चौथ्या वर्षी दोघांना एकच ताप आला. भाऊ गेला. आजी म्हणायची, देवानं लायक ते ठेवलं. साठ वर्षं मला जगण्याची लाज वाटत आली."

चित्रानं बिटानं रंगलेल्या हातात तिचा हात घेतला.

सगळे वर्गात परतले, तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेर एक बाई, हातात पट्टा, पट्ट्याला तोच लॅब्राडोर.

"सॉरी हं! पण हा आठवडाभर अन्नाला तोंड लावत नव्हता. याला काय दिलंत? रेसिपी मिळेल?"

नऊ वर्षं कॉलेजात शिकवलेल्या प्राध्यापिकेनं निमूटपणे फळ्यावर लिहिलं: कणीक दोन वाट्या, तूप पाव वाटी. आणि आजवर वहीत एक अक्षर न लिहिलेल्या सहाही विद्यार्थ्यांनी ते मन लावून उतरवून घेतलं!