दोन हाका आणि हँडब्रेक

कॅप्टनसाहेबांनी विमान सरळ डोंगरात घातलं, आणि शेजारी बसलेला होयबा शेवटपर्यंत मान डोलावत राहिला.

पडदा काळा झाला. सिम्युलेटर होता म्हणून निभावलं, नाहीतर दोघांचं काही खरं नव्हतं.

“डोंगर दिसला नाही?” कॅप्टनसाहेबांनी विचारलं.

“दिसला ना, सर.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्हालाही दिसला असेलच, म्हटलं.”

होयबा हे नाव त्याला वर्गानेच ठेवलं होतं. छोट्या जेटचं बटणन्‌बटण त्याला तोंडपाठ. पण वडीलधाऱ्यांना चूक दाखवायची वेळ आली की बिचाऱ्याची दातखीळ बसायची. आणि सहवैमानिकाला नेमकं तेच काम! उद्याची फेरी शेवटची होती. तीतही गप्प बसला, तर जेटच्या पूर्ण परवान्याचं स्वप्न गुंडाळायचं आणि सोडलेल्या नोकरीच्या दारात पुन्हा उभं राहायचं.

“नियम सोपा आहे,” कॅप्टनसाहेब म्हणाले. “चूक सांगायची. उत्तर नाही आलं, पुन्हा सांगायची. तरी नाही, तर कॅप्टन शुद्धीवर नाही असं धरून ताबा घ्यायचा. घरी सराव करा.”

घरी सरावाला सासूबाई होत्या. रात्री जेवताना होयबाने जीव मुठीत धरून सांगितलं, “आई, भाजीत मीठ जास्त आहे.”

बायकोला ठसका लागला. सासूबाई थिजल्या.

“आई, भाजीत मीठ जास्त आहे.”

उत्तर नाही. होयबाने त्यांच्यासमोरचं पातेलं उचललं आणि ओट्याशी जाऊन त्यात पाणी ओतलं. तेव्हापासून सासूबाईंनी अबोला धरला.

सकाळी टॅक्सी आलीच नाही. बायको कधीच कामावर गेली होती. सासूबाईंनी न बोलता आपल्या गाडीची किल्ली घेतली, त्याला शेजारी बसवलं आणि सगळा राग पायाखालच्या पेडलवर काढला.

“आई, वेग जास्त आहे.”

अबोला म्हणजे अबोला.

“आई, वेग जास्त आहे.”

सासूबाई समोर बघत राहिल्या. होयबाने नियम आठवला आणि हँडब्रेक ओढला.

गाडी रस्त्यात आडवी झाली. मागे पावाची व्हॅन कशीबशी थांबली. सासूबाईंचा चष्मा मांडीवर आला. पोलीस धावत आला.

“काय झालं?”

“बाई शुद्धीवर नाहीत,” होयबा म्हणाला.

“मी रागावलेय,” सासूबाई म्हणाल्या.

पोलिसाने दोघांकडे पाहिलं. “पण वेग जास्तच होता, बाई. हे बरोबर सांगतायत.”

आपण बरोबर होतो, हे होयबाला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी चारचौघांत सांगितलं. तो सिम्युलेटरमध्ये शिरला तो छाती काढूनच.

“सर, उंची कमी आहे.”

कॅप्टनसाहेब गप्प.

“सर, उंची कमी आहे.” आणि ताबा घेतलासुद्धा.

“अहो, आता मी शुद्धीवर आलोय. सोडा.”

“उतरल्यावर सोडतो, सर.”

विमान अलगद उतरलं. कॅप्टनसाहेबांनी पाठ थोपटली, पूर्ण परवान्याच्या वर्गात जागा पक्की झाली.

बाहेर सासूबाई थांबल्या होत्या. “आता तुम्हीच चालवा,” किल्ली देत त्या म्हणाल्या. “माझे हात अजून कापतायत.”

होयबाने शीळ घालत गाडी दामटली.

“जावईबापू, वेग जास्त आहे.”

त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आज तो कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हता.

“जावईबापू, वेग जास्त आहे.”

त्याने हळूच खाली पाहिलं. सासूबाईंचा हात हँडब्रेकवर होता, आणि जराही कापत नव्हता.

“होय, आई,” होयबा म्हणाला.