विज्ञानाच्या तासाचं काय करायचं

धर्मशिक्षणाच्या त्या कॉलेजात विज्ञानाचा तास ठेवायचा की काढायचा, याचा निकाल आजच्या बैठकीत लागणार होता. तास गेला की तो घेणारे सरही जाणार, हे उघडच होतं. धर्मोपदेशक होणाऱ्या पोरांना पचनसंस्था कशाला, या प्रश्नाचं उत्तर सरांनी बायकोसमोर चारदा घोकलं होतं. चारही वेळा ती म्हणाली, "मला नाही बाई पटलं."

तिथली संचालक मंडळाची प्रत्येक बैठक मौन प्रार्थनेनं सुरू व्हायची. अध्यक्ष "झालं" म्हणेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, असा दंडकच होता. म्हातारे अध्यक्ष आत येतानाच म्हणाले होते, "इन्सुलिन टोचून आलोय, लवकर उरका, मला जेवायचंय." तरी प्राचार्यांनी स्वागताचं भाषण अर्धा तास ताणलंच.

मग प्रार्थना. पाच मिनिटं झाली, दहा झाली, "झालं" काही येईना. सरांना राहवेना. त्यांनी हळूच डोळे उघडले. अध्यक्षांचं कपाळ घामानं डबडबलं होतं, हात लटलट कापत होते. रक्तातली साखर उतरली होती. हा धडा सर दरवर्षी शिकवत.

"प्राचार्य, अध्यक्षांकडे बघा जरा," ते कुजबुजले.

"तंद्री लागलीय त्यांची. तुम्ही डोळे मिटा."

सरांची पाचावर धारण बसली. प्रार्थना मोडावी तर नोकरी जाणार, न मोडावी तर म्हातारा जाणार. शेवटी ते उठले, चहाच्या ट्रेमधली साखर पाण्यात ढवळली आणि पेला अध्यक्षांच्या ओठांना लावला. अध्यक्ष घोटाघोटानं प्यायले. सर चोरासारखे जागेवर येऊन बसले.

"झालं," बऱ्याच वेळानं अध्यक्ष म्हणाले. "मला कुणी पाजलं?"

"कोण पाजणार? सगळ्यांचे डोळे मिटलेले," प्राचार्यांनी हात जोडले. "ही प्रार्थनेचीच कृपा. विज्ञानाचा तासही आता प्रार्थनेला देऊन टाकू या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सर उठून उभे राहिले.

"मी पाजलं. माझे डोळे उघडे होते."

"प्रार्थनेत?" प्राचार्यांनी विचारलं.

अध्यक्ष सरांकडे बघत राहिले. "यांचा तास ठेवा," ते सावकाश म्हणाले. "इतकी माणसं डोळे मिटून बसतात, तिथं डोळे उघडे ठेवणारा एक तरी हवा."

सरांचा जीव भांड्यात पडला.

प्राचार्यांनी घसा खाकरला. "तसे माझेही जरा किलकिले होतेच."

"माझेही," शेजारी बसलेले मंडळाचे सचिव म्हणाले. "मी तर घामसुद्धा पाहिला."

अध्यक्षांनी रिकामा पेला दोघांपुढे सरकवला.

"मग पाणी पाजायला यांनाच का उठावं लागलं?"