चपलांच्या स्टँडचा सीमाप्रश्न

पूनम सागरमधल्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या यतीनला मलाक्काच्या सामुद्रधुनीतून कुणाची जहाजं जातात ते तोंडपाठ होतं, पण आपल्या दूधवाल्याचं नाव माहीत नव्हतं. यूपीएससीचा त्याचा हा तिसरा प्रयत्न. दोन वर्तमानपत्रं तो रोज रंगीत पेनांनी इतकी रंगवायचा, की रद्दीवाला तो गठ्ठा नाक मुरडून घ्यायचा. शहराचं पान मात्र कोरं राहायचं. ते सिलॅबसमध्ये नव्हतं.

घर वन रूम किचन, आणि हॉलमध्ये वडिलांचा, म्हणजे दशरथरावांचा, टीव्ही. तेव्हा अभ्यास समोरच्या हंसाबेनकडे. त्यांचा मुलगा कॅनडात गेल्यापासून त्याची एसीवाली खोली रिकामी होती आणि ती त्यांनी मोठ्या मनाने यतीनला दिली होती. पूर्वपरीक्षा तोंडावर आली होती. या वेळी निघाली नाही तर मामाच्या कुरिअर कंपनीत जायचं, असं दशरथरावांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं. थोडक्यात, यतीनचं कलेक्टर होणं त्या खोलीवर अवलंबून होतं.

अशात हंसाबेननी चपलांचा नवा स्टँड आणला. तो पॅसेजमध्ये जरा मनोरमाबाईंच्या, म्हणजे यतीनच्या आईच्या, दाराकडे सरकला होता. मनोरमाबाईंनी चहा पिता पिता नुसती कुरकुर केली. दुसरा कुणी मुलगा ‘असू दे गं’ म्हणाला असता. यतीनने कप खाली ठेवला.

“आई, हे सहज नाहीये. समोरचा रोज इंचभर सरकतो, आपण दरवेळी जाऊ दे म्हणतो, आणि एक दिवस बघतो तर नकाशाच बदललेला. आत्ताच अडवायला पाहिजे.”

मनोरमाबाईंना फक्त कुरकुर करायची होती. आता त्यांच्याकडे धोरण आलं. दुपारपर्यंत त्यांचाही जुना स्टँड माळ्यावरून उतरून हंसाबेनच्या स्टँडला टेकून उभा राहिला.

हंसाबेननी यतीनपुढे थेपले ठेवले आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. खाल्ल्या थेपल्याला जागणं भाग होतं, शिवाय अलिप्ततावाद त्याचा आवडता धडा. ज्या देशाचा समुद्राकडे जाणारा रस्ता दुसऱ्याच्या हातात, त्याचा गळा कधीही आवळता येतो, असं त्याने त्यांना समजावलं. तुमचा समुद्र म्हणजे लिफ्ट. हंसाबेनना समुद्राचं फारसं कळलं नाही, लिफ्टचं कळलं. संध्याकाळी लिफ्टच्या तोंडाशी छत्र्यांची बादली आली.

मग इकडून कढीपत्ता जाणं बंद झालं, तिकडून ढोकळा येणं बंद झालं. इतक्या वर्षांच्या शेजारणी एकमेकींना पाहून दार लावून घ्यायला लागल्या. यतीनला याचं वाईट वाटायला हवं होतं. त्याला आनंद झाला, कारण उत्तरात घालायला ताजं उदाहरण मिळालं. ‘आर्थिक निर्बंध माझ्या मजल्यावर लागलेत,’ असं त्याने मित्राला फोन करून सांगितलंसुद्धा.

रविवारी सकाळी छत्र्यांच्या बादलीत मनोरमाबाईंचा पाय अडकला आणि भांडण पॅसेजमध्ये उघड्यावर आलं. सोसायटीचे सेक्रेटरी जितेंद्र यांना वर बोलावणं गेलं.

“यतीन ही बोला मेरे को,” हंसाबेन म्हणाल्या, “लिफ्ट का रस्ता छोडने का नहीं.”

“मलापण त्यानेच सांगितलंय, आत्ताच अडव म्हणून,” मनोरमाबाई म्हणाल्या.

दोघींनी यतीनकडे पाहिलं. हातात पिवळा पेन घेऊन तो हंसाबेनच्या दारात उभा होता. आपण दोन्ही बाजूंपासून समान अंतर राखून होतो, असं तो सांगायला लागला, पण जितेंद्रना खाली दुसरी भांडणं होती. पॅसेज दोघींचाही नाही, सोसायटीचा आहे, फायरवाले तपासणीला येतायत, संध्याकाळपर्यंत स्टँड दिसले तर दोन्ही भंगारात जातील, असं बजावून त्यांनी बादली पायाने सरकवली आणि लिफ्टने निघून गेले.

“बघितलंत, कसा बोलून गेला,” मनोरमाबाई म्हणाल्या.

“और खुद का स्कूटर देखो, बीच गेट में लगाता है,” हंसाबेन म्हणाल्या.

झालं. चहाचं आधण चढलं, कढीपत्ता गेला. समान शत्रू मिळाला की जुने वैरी एकत्र येतात हे यतीनने हुरूपाने समजावलं, पण कुणी ऐकत नव्हतं. दोघींपुढे आता एकच प्रश्न होता, स्टँड ठेवायचे कुठे. मनोरमाबाईंकडे पाऊल ठेवायला जागा नव्हती. हंसाबेनचा हॉल सोफ्याने भरलेला. फिरत फिरत दोघींची नजर यतीनच्या मागे, अभ्यासाच्या खोलीच्या उघड्या दाराशी येऊन थांबली.

“टेबल काढलं तर दोन्ही बसतील,” असं म्हणाली ती त्याची सख्खी आई.

संध्याकाळी दोन्ही घरांच्या चपला एसीच्या खोलीत विसावल्या. यतीन पुस्तकं घेऊन घरी फ्रिजशेजारी बसला. समोर टीव्हीवर चार तज्ज्ञ त्याच्याच अभ्यासक्रमावर एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. दशरथरावांनी आवाज कमी केला.

“खोलीत तू बसायचास, आणि तुला कुणी विचारलंच नाही?”

“लहान देशांना कुणी विचारत नाही, बाबा.”

तीन प्रयत्नांत पहिल्यांदाच पोरगा काहीतरी शिकलाय, असं दशरथरावांना मनापासून वाटलं. मग त्यांनी टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला.