डगा आप्पांची पंधराची सूट

डगा आप्पा माणसाला गुणांनी ओळखत. गावाकडून लूमवर कामाला आलेल्यांच्या आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीत कुणी नवीन राहायला आला की त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि जाहीर करत, "याले सात!" म्हणजे तो कॅरमला बसला तर एकोणतीसच्या डावात सात गुण आधीच त्याच्या नावावर, मग खेळ सुरू. गल्लीतल्या मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये आप्पांना कुणी हरवलेलं नव्हतं, त्यामुळे सूट देण्याचा मान त्यांचाच.

ही सवय बोर्डापुरती राहिली नाही. नळावर भांडण लागलं की म्हणत, "म्हातारीले दोन हंड्यांची सूट द्या." मी एकदा विचारलं, "आणि कारखान्याच्या शेठला किती?" आप्पा तंबाखू मळत म्हणाले, "त्याले कसली सूट? बोर्ड त्याचा, सोंगट्या त्याच्या, दिवा पण तोच बंद करस."

पंधरा मात्र एकाच माणसाला, निंबाला. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, चाकात त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली. कारखान्याने मलमपट्टी केली आणि त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. प्लेगच्या दिवसांत सगळे गावी पळाले, गल्ली रिकामी झाली, तेव्हा बांधलेला हात घेऊन निंबा मागे राहिला. गावी वाट बघणारं कुणी नाही म्हणून आप्पाही राहिले. त्यांनी त्याला डाव्या हाताने खेळायला शिकवलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं समोरासमोर. पंधरा घेऊन निंबा कधीकधी जिंकायचा, मग गल्लीभर मान वर करून फिरायचा.

पुढे एका सूत-व्यापाऱ्याने मंडळाला कॅरमच्या स्पर्धेसाठी ढाल दिली आणि सूट पाचाच्या वर नको, असा नियम सभेत मांडला गेला. पर्वत पाटियाच्या कापडाच्या दुकानांत बसणारी पोरं खूश. "फुकटचे पॉइंट घेऊन जिंकायचं, ही काय रमत? हा काय खेळ झाला?" लूमवाले कुरकुरले, पण हळू. "बारा तास उभं राहून हात थरथरतो भाऊ, त्याचं काय?"

"नियम सगळ्यांना सारखा," मंडळाचा सेक्रेटरी म्हणाला. मला या वाक्याची चीड आहे. ते नेहमी शाबूत हातांची माणसंच म्हणतात.

आप्पा उभे राहिले. "पंधरा निंबाचे आहेत. देणारा मी, तुमच्या बापाचं काय जातं?"

नियम मंजूर झाला.

स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत आप्पा आणि निंबाची गाठ पडली. आप्पांचा स्ट्रायकर पुन्हा पुन्हा खिशात जाऊ लागला. दर वेळी दंड म्हणून ते जिंकलेली सोंगटी बोर्डावर परत ठेवत. पोरं ओरडली, "आप्पा, चष्मा करा!" आप्पाही हसले. निंबा हसला नाही.

"हाई काय करी राहिना, आप्पा?"

"हात घसरतो रे. म्हातारा झालो."

"पंधरा मी सगळ्यांसमोर घ्यायचो. ते माझे होते. आता चोरून देतो? भीक नको माले."

तो उठून गेला. सेक्रेटरीने आप्पांना विजयी जाहीर केलं.

पुढच्या फेरीला आप्पा आलेच नाहीत. काही दिवसांनी मी बमरोलीहून कामावरून परतत होतो, तेव्हा ते मला निंबाच्या खोलीसमोर ओट्यावर बसलेले दिसले. दाराला कुलूप होतं. त्या डावानंतर निंबा बिऱ्हाड आवरून गावी गेल्याचं साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

"आप्पा, चला घरी."

"थांब जरा. जेवतोय तो. झालं की येईल बाहेर."

मी त्यांच्या शेजारी बसलो.