मांजरीला पडलेली चाई

नुकसान उघडकीला आलं ते बुधवारी सकाळी. कारागीर चहा गाळत होता आणि मांजर ओट्याखाली बसून कराकरा कान खाजवत होती. त्याने वाकून पाहिलं. डाव्या कानाच्या कडेचे केस गेले होते आणि तिथे राखाडी खपली धरली होती, जणू कोणी सिमेंटचा हात मारलाय!

कारागीर म्हणजे कोपऱ्यावरच्या दोन खुर्च्यांच्या सलूनचा मालक. गल्लीत सगळे त्याला कारागीरच म्हणत. चाळीस वर्षं त्याने डोकी पाहिली होती. कोंडा, उवा, नायटा, चाई! गिऱ्हाईक दारात चप्पल काढेपर्यंत हा रोग सांगून मोकळा.

"चाई आहे," त्याने मांजरीला सांगितलं. "आणि चाई कशाने पडते ते मला विचार. मनाला लावून घेतल्याने!"

लावून घेण्यासारखं घडलंही होतं. बायकोला जाऊन दोन महिने झाले होते. मांजर तिची. कारागिराची आणि मांजरीची ओळख एका जिन्याने ये-जा करणाऱ्या भाडेकरूंइतकीच. आपल्यासारखंच घरात आणखी कोणी झुरतंय हे कळल्यावर त्याला भरून आलं. त्याने कपाटातून बायकोची लोकरीची शाल काढली, मांजरीला तिच्यात गुंडाळलं आणि मांडीवर घेतलं. मांजर बसली! मग रोज बसू लागली.

आठवडाभरात दुसरा कान गेला, मग कपाळ. इकडे कारागिराच्या हातांवर लाल पुरळ आलं. 'दुःख अंगावर उठायला लागलं,' त्याने मनाशी म्हटलं आणि खसाखसा खाजवलं.

दुसऱ्या खुर्चीवर त्याचा मेहुणा काम करायचा, बायकोचा धाकटा भाऊ. बहीण गेल्यापासून त्याच्या तोंडून "पुढचे कोण?" याखेरीज शब्द निघाला नव्हता. दुपारी दुकानावरच्या कारागिराच्या घरी जेवायला आला की मांजर शालीसकट त्याच्या मांडीवर. एके दिवशी तो दुकानाच्या दाराला पोट घासताना दिसला.

"दाजी, पोटावर नुसती आग होतेय हो!"

कारागिराने वस्तरा खाली ठेवला. "मला वाटायचं तुला बहिणीचं काहीच नाही. चुकलो मी."

"अहो, खाज आहे ही!"

"अशीच सुरुवात होते."

मेहुण्याने दोनदा पोट खाजवलं आणि एकदम हमसून रडायलाच लागला. मग कारागीरही. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत बसलं!

पण मांजर खाईनाशी झाली. दूध तसंच राहायचं. कारागीर घाबरला. तो बायकोला "अगं ए" अशी हाक मारायचा, तर बायकोच्या आधी मांजर हजर. हीही गेली तर घरात "अगं ए" म्हणायला कोण उरणार?

तेवढ्यात शेजारच्या रिटायर बाई बोका काखोटीला मारून आल्या. हा पांढरा बोका रोज खिडकीतून येऊन शालीत घुसायचा.

"कारागीर, याचे कान बघा हो!"

"बाई, त्यालाही आमच्या हिची आठवण येतेय."

"याला? दोनदा ओरबाडलंय त्याने तिला!"

"मग पस्तावला असेल."

बाईंनी तीस वर्षं वर्गात थापा ऐकल्या होत्या. "उठा! दोन्ही जनावरं घ्या आणि चला डॉक्टरकडे! आणि तुम्हीही चला," त्या जेवायला आलेल्या मेहुण्याला म्हणाल्या आणि स्वतःचं मनगट खाजवलं.

दवाखान्याच्या बाकावर तीन माणसं आणि दोन मांजरं एका तालात खाजवत बसली. बँडवाले सुपारी घ्यायला आलेत असंच वाटावं! डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पात्याने कानाची खपली खरवडली.

"पातं जरा आडवं धरा," कारागिराला राहवलं नाही.

त्यांनी खपली काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शक त्याच्याकडे वळवला. आत एक गोल, ढेरपोट्या, आखूड पायांचा प्राणी निवांत हिंडत होता.

"हा कोण?"

"तुमची चाई. काका, ही खरूज आहे. मांजरांत बहुतेकदा कानाच्या कडेपासून सुरू होते, मग तोंडावर पसरते. एकीची दुसऱ्याला लागते आणि कुशीत घेणाऱ्यालाही पुरळ उठतं."

"म्हणजे दुःख नाही?"

"दुःख असं शालीतून पसरत नाही, काका."

कारागिराने मान खाली घातली. "वाचेल ना ती?"

"वाचेल. वजन करून मानेवर औषधाचे थेंब टाकते, बोक्यालाही. महिन्याने परत आणा. माणसांचं मलम चुकूनही लावू नका, तिच्या जिवावर बेतेल. पांघरुणं उकळत्या पाण्यातून काढा. ती बरी झाली की तुमचीही खाज जाईल, नाहीतर तुमच्या डॉक्टरला दाखवा." त्यांनी कार्ड पुढे ओढलं. "नाव काय मांजरीचं?"

कारागिराने मांजरीकडे पाहिलं. बायको तिला रोज नवीन काहीतरी म्हणायची. त्याने कधी कान दिला नव्हता.

"बरं, नंतर लिहू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परतताना मेहुणा म्हणाला, "दाजी, खाज किड्याची होती. रडणं माझंच होतं."

"माहीत आहे मला. उद्या जेवायला ये. मांडीवर मात्र काही घेऊ नकोस!"

शाल उकळली ती आटून टॉवेलाएवढी झाली. बरोबर मांजरीच्या मापाची! आता तीन आठवडे झालेत. मांजर खाते, कानांवर मिसरूड फुटल्यासारखी लव आली आहे, आणि दुकानात दोन्ही खुर्च्यांवर गप्पा चालतात. सोमवारी पुन्हा थेंब टाकायला न्यायचंय. कार्डावर नावाची जागा मात्र अजून रिकामीच आहे.